‘तुमचंच आलं’ : इन्शुलिनच्या जनुकाला जागं कोण करतं?

(हुडकेश्वर, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजच्या विषयाचा फलक लागल्यावर मला दोन-तीन फोन आले. "सर, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आता हे इन्शुलिन मधातच कुठून काढलं?" प्रश्न रास्त आहे. मी जीवशास्त्राचा माणूस नाही. आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात, त्यांनी मला गेले सहा महिने शिकवलं. त्या आज समोरच बसल्या आहेत. मी चुकलो तर त्या थांबवतील, असं आमचं ठरलेलं आहे.

मी इकडे वळलो त्याचं कारण घरगुती आहे. मला शुगर आहे, चोवीस वर्षं झाली. माझ्या आईलाही होती. मागच्या वर्षी पुण्याहून मुलाचा फोन आला. ऑफिसच्या तपासणीत त्यालाही शुगर निघाली. वय एकोणचाळीस. तो हसतच म्हणाला, "बाबा, तुमचंच आलं बरं का." मी फोनवर हसलो, पण रात्री झोप लागली नाही. मुलगा काही वाईट बोलला नव्हता. मी अडकलो त्या 'च'वर. 'तुमचं आलं' वेगळं आणि 'तुमचंच आलं' वेगळं. 'च' म्हणजे हेच कारण, दुसरं नाही. तर्कशास्त्राच्या माणसाला असा 'च' दिसला की तो तपासून पाहावासा वाटतो. एका कार्याला एकच कारण असतं का? आणि इन्शुलिनच्या बाबतीत खरोखर काय होतं? आज तेवढंच बोलणार आहे.

आधी थोडी ओळख. स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं विखुरलेली असतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. इन्शुलिन हे पेप्टाइड संप्रेरक आहे, म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लहानशी माळ. एकूण मणी ५१, दोन सरांत ओवलेले, एकात २१ आणि दुसऱ्यात ३०. ही रचना फ्रेडरिक सँगर यांनी उलगडली आणि त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल मिळालं. माळ कशी ओवायची याचा मजकूर ज्या डीएनएच्या तुकड्यात लिहिलेला असतो, ते इन्शुलिनचं जनुक. माणसात ते अकराव्या गुणसूत्रावर आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझाच घोळ झाला होता. तुम्ही लाडू खाल्ला आणि इन्शुलिन रक्तात आलं, ते त्या क्षणी बनवलेलं नसतं. बीटा पेशीत ते आधीच डब्यांत भरून ठेवलेलं असतं, साखर वाढली की डबे रिकामे होतात. जनुकाचं काम मागचं आहे, कोठी पुन्हा भरण्याचं. आपण आज कोठीबद्दल बोलतोय.

आता खरा प्रश्न. इन्शुलिनचं जनुक फक्त बीटा पेशीत असतं का? नाही. ते तुमच्या डोळ्यात आहे, कातडीत आहे, यकृतात आहे. केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच मजकूर, अक्षर न अक्षर. तरी डोळा इन्शुलिन बनवत नाही. ग्रंथ सगळ्यांच्या घरी आहे, पण तो उघडला जातो एकाच घरी. असं का?

ग्रंथ उघडून मजकूर उतरवून घेणं, याला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. मराठीत प्रतिलेखन. माझं हे बोलणं रेकॉर्डिंगवरून ऐकून जी मुलगी कागदावर उतरवणार आहे, ती ट्रान्सक्रिप्शनच करते. भाषा बदलत नाही, फक्त माध्यम बदलतं. पेशीत डीएनएवरचा मजकूर आरएनएवर उतरतो. उतरवणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. ते यंत्र सगळ्या पेशींत आहे. पण आपली मुलगी नाही का विचारत, "सर, कुठून सुरू करू? सुरुवातीचा सत्कार घ्यायचा का?" तसंच त्या यंत्रालाही कोणीतरी सांगावं लागतं की इथे बस, इथून लिही. हे सांगणारी जी प्रथिनं असतात त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मी पुढे नुसतं फॅक्टर म्हणेन.

फॅक्टर बसतात कुठे? जनुकाच्या आधीच्या भागात, अंगणात म्हणा. हे अंगण महत्त्वाचं आहे हे कसं कळलं, तो प्रयोग मला फार आवडला. १९८३ साली कॅलिफोर्नियात विल्यम रटर यांच्या प्रयोगशाळेत इन्शुलिनच्या जनुकाचं फक्त अंगण कापून घेतलं आणि त्याच्यापुढे जिवाणूचं एक जनुक जोडलं. ते चालू झालं की सहज मोजता येतं. मग हा जोड वेगवेगळ्या पेशींत सोडला. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींत तो चालू झाला. स्वादुपिंडातल्याच, पण पाचक रस बनवणाऱ्या पेशींत तो गप्प राहिला. उलट पाचक रसाच्या जनुकाचं अंगण जोडलं, तर ते तिकडे चाललं आणि इकडे गप्प. म्हणजे घर कोणतं हे अंगण ठरवत होतं, आतला मजकूर नव्हे. आणि अंगण केवढं? महत्त्वाचा भाग सुमारे साडेतीनशे अक्षरांचा. आपल्या वर्तमानपत्रातल्या एका छोट्या बातमीपेक्षाही कमी.

पुढे या साडेतीनशे अक्षरांत खुणेच्या जागा सापडल्या. त्यांना ए पेटी, ई पेटी, सी पेटी अशी नावं दिली. इंग्रजीत बॉक्स म्हणतात, आपण पेटी म्हणू. प्रत्येक पेटी चार-सहा किंवा थोड्या जास्त अक्षरांची. ए पेटीत टी-ए-ए-टी अशी अक्षरं येतात, तिथे पीडीएक्स-१ नावाचा फॅक्टर बसतो. ई पेटीवर न्यूरोडी-१ बसतो, पण एकटा नाही. त्याला ई-४७ नावाचा जोडीदार लागतो, दोघे हातात हात घालूनच बसतात. आणि सी पेटीवर मॅफ-ए. आणखीही फॅक्टर आहेत, पण आज ही मुख्य मंडळी पुरेत.

आता गंमत बघा. या मंडळींत 'इन्शुलिनचाच' म्हणावा असा कोण आहे? ई-४७ तर शरीरात जवळजवळ सगळीकडे असतो. न्यूरोडी-१ मेंदूतही असतो, त्याचं नावच तिथून आलं. बेटातल्या शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन बनवतात, म्हणजे इन्शुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक. त्यांच्यातही न्यूरोडी-१ असतो. पीडीएक्स-१ बीटा पेशीत भरपूर, पण तो सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या डेल्टा पेशींतही आहे आणि आतड्याच्या वरच्या भागातही. राहता राहिला मॅफ-ए. तो मात्र फक्त बीटा पेशीत...

(समोरून: "बेटांपुरतं बोला सर. मॅफ-ए डोळ्याच्या भिंगाशीही संबंधित आहे.")

बरोबर. धन्यवाद मॅडम. म्हणजे बेटांपुरता तो बीटा पेशीचा, बाहेर नाही. थोडक्यात, शंभर टक्के आपला म्हणावा असा एकही नाही.

हे मला समजलं ते आमच्या लेआउटमुळे. हुडकेश्वर रोडवर किती लेआउट आहेत, मोजता येत नाहीत. आणि प्रत्येक लेआउटमध्ये प्लॉट नंबर ३२ असतोच. कुरिअरवाला पोट्टा फोन करतो, "काका, प्लॉट बत्तीससमोर उभा आहो." मी म्हणतो, कोणत्या लेआउटच्या? तो भलत्याच लेआउटमध्ये असतो. 'हनुमान मंदिराजवळ' म्हणावं तर मंदिरं गल्लोगल्ली. 'निळं गेट' म्हणावं तर निळी गेटंही पुष्कळ. पण लेआउटचं नाव, प्लॉट ३२, मंदिराजवळ आणि निळं गेट, हे चारही एकत्र सांगितलं की जगात एकच घर उरतं. चारपैकी एकही खूण माझी एकट्याची नाही. पत्ता मात्र माझा एकट्याचा आहे. बीटा पेशीचंही तसंच. पीडीएक्स-१, न्यूरोडी-१ आणि त्याचा जोडीदार, मॅफ-ए, हे सगळे पुरेशा प्रमाणात एकाच वेळी जिथे हजर, तिथे इन्शुलिन.

पण पत्त्याच्या दृष्टांताची एक मर्यादा आहे. पत्त्यातली एखादी खूण गाळली तरी कुरिअरवाला विचारत विचारत येतो. इथे काय होतं ते १९८७ साली रटर यांच्याच गटाने पाहिलं. अंगणातले दहा-बारा अक्षरांचे तुकडे एकेक करून बदलले. बऱ्याच ठिकाणी बदलून फार बिघडलं नाही. पण दोन ठिकाणी, म्हणजे दोन ई पेट्यांवर हात लावला की काम फार मोठ्या प्रमाणात कोसळलं. मग १९९२ साली मायकेल जर्मन आणि रटर यांच्या गटाने उलट दिशेने प्रयोग केला. त्यांनी इन्शुलिनशी काही संबंध नसलेल्या पेशी घेतल्या आणि त्यांत एक ए पेटीवर बसणारा आणि एक ई पेटीवर बसणारा फॅक्टर घातला. एकट्याने जेवढं होत होतं त्यापेक्षा दोघांनी मिळून कितीतरी जास्त झालं. दोघांची बेरीज केली तरी तेवढं भरत नव्हतं. २००५ साली जपानमधल्या संशोधकांनी पीडीएक्स-१, न्यूरोडी-१ आणि मॅफ-ए या तिघांबाबत हेच दाखवलं. याला सिनर्जी म्हणतात. आपण एकजूट म्हणू, पण अर्थ नीट पकडायला हवा.

समजा एक फॅक्टर एकटा असताना काम दुप्पट होतं, दुसरा एकटा असताना तिप्पट. दोघे मिळून पाचपट झालं तर ती बेरीज. एकजुटीत ते तीस-चाळीसपट होऊ शकतं. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. घर बदलताना लोखंडी कपाट टेम्पोत चढवायचं असतं. एक माणूस ढकलतो, कपाट हलत नाही. दुसरा एकटा ढकलतो, तेव्हाही नाही. दोघांनी मिळून उचललं की चढतं. आता विचारा, कपाट कोणी चढवलं? शून्य अधिक शून्य इतकं मोठं कसं झालं?

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली यावर लिहून ठेवलंय. काही कारणं बलांसारखी असतात, त्यांच्या परिणामांची बेरीज करता येते. काही रसायनांसारखी असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे गुणधर्म वेगवेगळे अभ्यासून पाण्याचा ओलावा काढता येत नाही. मी हे वर्गात तीस वर्षं शिकवलं आणि उदाहरण दर वेळी पाण्याचंच दिलं. आता वाटतं, इन्शुलिनचं दिलं असतं तर मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली असती.

ही एकजूट होते कशी? जादू नाही, तीन-चार साध्या गोष्टी आहेत. एक, हे फॅक्टर डीएनएवर शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांनाही चिकटतात. त्यामुळे प्रत्येकाची पकड पक्की होते. एकटा असता तर लवकर निसटला असता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो. गुंडाळलेला मजकूर वाचता येत नाही. फॅक्टरांची ही टोळी जमली की ती पी-३०० नावाच्या एका मोठ्या प्रथिनाला बोलावते, आणि ते हिस्टोनवर रासायनिक खुणा करून गुंडाळी सैल करतं. पी-३००ला धरून ठेवायला एक हात पुरत नाही. पीडीएक्स-१ एका बाजूने धरतो, न्यूरोडी-१ आणि ई-४७ दुसऱ्या बाजूने. मग जागा मोकळी होते, आरएनए पॉलिमरेज येऊन बसतं आणि उतरवून घ्यायला लागतं.

आता माझ्या शास्त्राकडे येतो, थोडंसंच. कार्याला अनेक कारणं असतात हे न्यायशास्त्राला मान्यच आहे. पण त्यांत एकाला 'करण' म्हणायचं, जे सगळ्यांत जास्त साधक, अशी रीत होती. लाकूड तोडायला माणूसही लागतो आणि लाकूडही, पण करण म्हणजे कुऱ्हाड. नवव्या शतकात काश्मीरमध्ये जयंत भट्ट होऊन गेले. त्यांनी 'न्यायमंजरी'त याला आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. ज्यांतलं एकही नसलं तर काम होत नाही, त्यांत 'सगळ्यांत जास्त' कोण, हे कसं ठरवणार? म्हणून श्रेष्ठ म्हणायचंच असेल तर सामग्रीला म्हणा, म्हणजे सगळ्या कारणांच्या एकत्र जमण्याला. ते ज्ञानाच्या साधनांबद्दल बोलत होते, जनुकांबद्दल नाही. आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असलं काही मी म्हणत नाहीये, कृपा करून तसं उतरवू नका. पण प्रश्नाची घडण तीच आहे. "इन्शुलिनचं जनुक कोण चालू करतो?" या प्रश्नातला एकवचनी 'कोण' चुकीचा आहे.

जयंत भट्टांच्या सामग्रीत मला एक उणीव वाटते, ती म्हणजे काळ. इथे कोण कधी येतो याला महत्त्व आहे. पीडीएक्स-१ गर्भात फार लवकर येतो, स्वादुपिंडच त्याच्यावाचून घडत नाही. मॅफ-ए उशिरा येतो, बीटा पेशी पक्व होताना. १९९४ साली उंदरांत पीडीएक्स-१चं जनुक काढून टाकलं, तर पिल्लं स्वादुपिंडाशिवाय जन्मली. १९९७ साली तसंच एक मूल आढळलं. आई आणि बाप दोघांकडून त्याला या जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली होती, आणि त्याला स्वादुपिंडच नव्हतं. त्या घरातल्या ज्यांच्याकडे एकच प्रत बिघडलेली होती, त्यांचं स्वादुपिंड व्यवस्थित होतं, पण अनेकांना कमी वयात मधुमेह झाला. म्हणजे निम्मा पीडीएक्स-१ घर बांधायला पुरला, पण कोठी भरत राहायला पुरला नाही. एकजुटीच्या गणितात हे समजतं. बेरजेतला एक आकडा निम्मा झाला तर थोडं घटतं, गुणाकारातला निम्मा झाला तर सगळंच निम्मं होतं.

आणि सामग्री पुरी असली, पण अंगणच बिघडलं तर? २०१० साली असे रुग्ण प्रसिद्ध झाले. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत मधुमेह झालेली बाळं. त्यांतल्या काहींच्या इन्शुलिनच्या जनुकात मजकूर अगदी बरोबर होता, ५१चे ५१ मणी जागच्या जागी. फक्त अंगणातलं एखादं अक्षर बदललेलं होतं. फॅक्टर आले आणि त्यांना बसायची जागाच ओळखू आली नाही.

उलटंही करून झालं आहे. २००८ साली हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन आणि क्याओ झोऊ यांनी जिवंत, प्रौढ उंदरांच्या स्वादुपिंडातल्या पाचक रस बनवणाऱ्या पेशींत तीन फॅक्टर घातले. पीडीएक्स-१, मॅफ-ए आणि न्यूरोजेनिन-३. त्यातल्या काही पेशी बीटा पेशींसारख्या झाल्या आणि इन्शुलिन बनवू लागल्या. सुरुवात नऊ फॅक्टरांच्या यादीपासून केली होती, गाळता गाळता तीन उरले. पाचक रसाच्या पेशीला तुम्ही नवा ग्रंथ दिला नाही. तो तिच्याकडे होताच. तुम्ही फक्त वाचणारी मंडळी पाठवली.

आता माझी शुगर. ही गोष्ट कळली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो. रक्तातली साखर वाढली की बीटा पेशीत मॅफ-ए वाढतो, पीडीएक्स-१ केंद्रकात जास्त सरकतो आणि इन्शुलिनचं जनुक जोमाने चालतं. कोठी रिकामी झाली, भरा. छान व्यवस्था आहे. पण साखर सतत, महिनोन्‌महिने चढीच राहिली तर उलटं होतं. पेशीवर ताण येतो आणि हेच मॅफ-ए आणि पीडीएक्स-१ कमी होत जातात. प्रयोगशाळेतल्या पेशींत हे दिसलं, आणि टाइप-२ मधुमेहाच्या माणसांच्या बेटांतही हे फॅक्टर कमी आढळले. पेशी मेलेली असेलच असं नाही. तिची मंडळी पांगलेली असते. पहिली तीन-चार वर्षं मी गोळ्या वेळेवर घेत नव्हतो. "थोडी हाय आहे, चालते न," असं म्हणायचो. त्या 'चालते न'मध्ये माझी मंडळी पांगत होती. हे मला वडिलांकडून किंवा आईकडून आलेलं नव्हतं.

मग आलं काय होतं? हे पाहायला पुण्याला जाऊ, मुलगा तिथेच असतो. २००६ साली आइसलँडमधल्या संशोधकांनी टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातला एक फरक आणि टाइप-२ मधुमेह यांचा संबंध दाखवला. २००७ साली हैदराबादच्या सीसीएमबीतले गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटांनी भारतीय रुग्णांतही तोच संबंध ठळकपणे दाखवला. हे जनुक कशाचं आहे? एका ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं! सुरुवातीला असा अंदाज होता की हा फॅक्टर प्रोग्लुकागॉनच्या जनुकावर काम करतो. तेही पेप्टाइड संप्रेरकाचंच जनुक. त्याच एका मजकुरातून अल्फा पेशी ग्लुकागॉन कापून काढते आणि आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ कापून काढतात. हो, तेच जीएलपी-१, ज्याच्या नावाची इंजेक्शनं हल्ली बारीक होण्यासाठी गाजताहेत. नंतर असं दिसलं की तो फरक बेटांतल्या पेशींतही, उघड्या असलेल्या डीएनएच्या भागातच बसतो.

पण हा फरक किती भारी? अनेक घराण्यांत आढळणाऱ्या अशा फरकांत तो बराच बलवान मानतात, आणि तरी एक प्रत असली तर धोका साधारण दीडपटीच्या आसपास वाढतो. दीडपट म्हणजे ठरलेलं नशीब नव्हे. हा फरक असलेले असंख्य लोक शुगरशिवाय म्हातारे होतात, आणि नसलेल्यांना शुगर होते. फॅक्टरांच्या गर्दीतल्या एकाचा आवाज थोडा बदललेला, एवढाच अर्थ. मी मुलाला दिलं असेल तर ते असलं काहीतरी, आणि त्याच्या आईनेही दिलं असेल. त्याची रात्रपाळी, तासन्‌तास बसणं आणि ऑफिसमधलं खाणं ही मात्र मी दिलेली नाहीत. त्याला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बाबा, तुम्ही अंग काढून घेताय." मी म्हटलं, नाही रे, माझा वाटा ठेव, फक्त 'च' काढ.

आता प्रश्न घेऊ.

(एक श्रोत्या: "सर, माझी मुलगी कमी वजनाची जन्मली, दोन किलोची. आता तिला तिशीतच शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, कमी वजनाच्या बाळांना पुढे होते. सासरचे म्हणून राहिले, आईने पोटात असताना नीट खाल्लं नाही. म्हणजे माझ्यामुळेच का?")

ताई, बसा. या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातही काम झालं आहे. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण पुण्याचं बाळ बारीक असूनही त्याच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते, कमी पडतात ते स्नायू. बारीक-पण-चरबीयुक्त बाळ, असं ते म्हणतात. म्हणजे डॉक्टरांनी संबंध सांगितला तो खरा आहे.

आता तो पेशीपर्यंत कसा पोचतो? माणसात हे उघडून पाहता येत नाही, उंदरांत पाहिलं आहे. अमेरिकेत रेबेका सिमन्स यांच्या गटाने २००८ साली दाखवलं की गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी केला, तर कमी वजनाच्या पिल्लांत पीडीएक्स-१च्या जनुकाच्या अंगणातली गुंडाळी हळूहळू घट्ट होत जाते. आपला तोच पीडीएक्स-१. सुरुवातीला ती घट्ट गाठ सुटू शकते, प्रौढ वयात ती पक्की होते. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत जीएलपी-१सारखं एक औषध दिलं, तर उंदरांत हे टळलं. माणसांच्या बाळांना ते देत नाहीत, गैरसमज नको.

पण तुमचा प्रश्न औषधाचा नव्हता. त्या उंदरीणीने काय चूक केली होती? तिचा रक्तपुरवठा दुसऱ्याने बांधला होता. आणि त्या सहा खेड्यांतल्या बाया? शेतात राबायच्या, पाणी आणायच्या. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त होतं त्यांची बाळं थोडी मोठी होती, असं त्याच अभ्यासात निघालं. ताटात दूध कोणाच्या आधी पडायचं, हे त्या घरात कोण ठरवत होतं? तुमच्या घरात कोण ठरवत होतं, ते मी विचारत नाही. सासरच्यांना एवढंच विचारा, की त्या सामग्रीतून आई तेवढी वेगळी कशी काढली?

(मागून एक श्रोते: "सर, मग आपण सगळ्यांनी जनुकाची टेस्ट करून घ्यावी काय? जाहिराती येऊन राहिल्या मोबाइलवर.")

माझ्यासारख्याने कशाला करायची? रिपोर्टमध्ये दीडपट लिहून येईल, आणि संध्याकाळचं चालणं तेच राहील. पण दोन ठिकाणी मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर जनुकाची तपासणी व्हायलाच हवी. कारण अशा काही बाळांचं इन्शुलिनचं इंजेक्शन बंद होऊन साध्या गोळीवर भागतं. ते जनुक वेगळं आहे, फॅक्टरचं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही. आणि दुसरं, अंगाने सडपातळ, वय पंचविशीच्या आत आणि तीन पिढ्यांत ओळीने मधुमेह असेल, तर एकाच फॅक्टरच्या जनुकातला बिघाड असू शकतो. तिथे 'च' खरा असतो. मी तो पार पुसून टाकायला निघालो नव्हतो, मॅडम हसताहेत, त्यांना हे माझ्या आधीच माहीत होतं.

चहा आला आहे. साखर वेगळी ठेवली आहे, ज्याची त्याने घ्यावी.